माईंची उजळणी

माईंनी बाहुली डाव्या हातावर पालथी घेतली, तिचा जबडा बोटांत धरला, डोकं धडापेक्षा खाली झुकवलं आणि उजव्या तळव्याने दोन खांद्यांच्या मधोमध थाप मारली. रबराचा पोकळ आवाज खोलीभर झाला. खिडकीखालच्या पाळण्यात तान्हा बटाट्या दचकला, ओठ हलवून पुन्हा झोपी गेला.

"घशात काही अडकलं तर अशा पाच," माई म्हणाल्या. "मग उताणी घ्यायची. तोंडात काही दिसलं तर काढायचं. दिसत नसेल तर उगीच बोट घालून आणखी आत ढकलायचं नाही. मग छातीवर दोन बोटांनी दाबायचं."

"आणि बाळ निपचित पडलं तर?" सुनेने विचारलं.

"हाक मारून कुणाला तरी फोन करायला लावायचं. आपण बाळाला सोडायचं नाही."

"झोपवायचं कसं?"

"उताणं. उशी नाही, दुलई नाही, खेळणं नाही. आणि आपला डोळा त्याच्यावर." माईंनी बाहुली मांडीवर आडवी केली आणि तिचं वर सरकलेलं झबलं सवयीने खाली ओढलं. "झालं का समाधान? मला शिकवायला बसलीस आणि तिकडे दूध जाईल उतू."

सुनेने मान हलवली. दूध मघाशीच उतरवून झाकून ठेवलेलं होतं, आणि ते माईंनीच ठेवलेलं होतं. बाहुली पिशवीत भरून ती बाटल्या उकळायला उठली.

पाळणाघर घराच्या तळमजल्यावर होतं. चालणाऱ्या मुलांची खोली पुढे, रस्त्याच्या बाजूला. तिथे एक मदतनीस मावशी दिवसभर घसा ताणून गाणी म्हणत असायची. तान्ह्यांची आणि रांगणाऱ्यांची खोली मागे, तिच्या दाराला गुडघ्याएवढं लाकडी फाटक. परवान्याचा नियम साधा होता. तान्ह्यांच्या खोलीत प्रशिक्षण घेतलेल्या दोन बायका हव्यात, आणि ते प्रशिक्षण जुनं झालेलं चालत नाही. ठरावीक मुदतीने उजळणी करायची, तेव्हा कुठे प्रमाणपत्र पुढे चालू राहतं. सुनेने स्वतःची उजळणी आधीच उरकली होती. माईंची मुदत संपत आली होती. या खेपेपासून वर्गात बसून सही करून भागणार नव्हतं. परीक्षक बाई जागेवर येऊन सगळं प्रत्यक्ष करायला लावणार होत्या.

माईंना उजळणीचं वावडं कधीच नव्हतं. पाळणाघर त्यांनीच काढलं होतं, सून या घरात यायच्या कितीतरी आधी. वस्तीतली निम्मी तरणी माणसं त्यांच्या पायांत लुडबुड करत मोठी झालेली. कुणी मिशीवाला बाप बाळाला सोडायला येऊन सतरा प्रश्न विचारू लागला, की माई शांतपणे म्हणायच्या, "तुझंही ढुंगण मीच धुतलंय, नीघ कामाला." पण वर्ग असला की त्या पहिल्या रांगेत बसायच्या, चष्मा पुसून. त्यांच्या बरोबरीच्या बायका नाकं मुरडायच्या, आमचे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत म्हणायच्या. माई म्हणायच्या, शिकलेलंही नासतं, दुधासारखं. ताजं करत राहावं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला तान्हं मूल धड उचलताही येत नव्हतं. मानेखाली हात कसा द्यायचा ते माईंनीच शिकवलं, आणि मग हात धुऊन मागे लागून तिला पदविकाही करायला लावली.

म्हणून पहिल्यांदा झालं तेव्हा सुनेने ते मनावर घेतलं नाही. थंडी नुकती लागली होती. माईंनी फुग्याला दूध पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, पाळण्यात ठेवला, बाटली धुतली. आणि थोड्या वेळाने दुसरी बाटली भरून पुन्हा त्यालाच मांडीवर घेतलं. फुगा नावाप्रमाणेच होता, तो नाही म्हणणारा नव्हता. नंतर त्याने सगळं माईंच्या पदरावर ओकून टाकलं. सून म्हणाली, माई, मघाशीच तर झालं होतं त्याचं. माईंनी ठामपणे सांगितलं की झालं नव्हतं. ओट्यावर दोन्ही बाटल्या ओल्या पालथ्या पडल्या होत्या. माईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर धुवायला निघून गेल्या.

वय झालंय, सून मनाशी म्हणाली. कामाच्या गडबडीत कुणाचंही होतं.

मग उजळणीच्या तयारीला बसल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. प्रश्न ती ओळीने विचारायची आणि माई ओळीने उत्तरं द्यायच्या, पाढे म्हटल्यासारखी, शब्दाला शब्द. एकदा पुढच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला म्हणून सुनेचं लक्ष गेलं आणि मधला एक प्रश्न गळाला. तिने विचारलं, भाजलं तर काय करायचं? माई म्हणाल्या, "उताणं. उशी नाही, दुलई नाही, खेळणं नाही."

सुनेने थांबून त्यांच्याकडे पाहिलं. माईंचा चेहरा अगदी प्रसन्न होता, बरोबर उत्तर दिलेल्या माणसाचा.

त्या दिवशी हे थांबवायचं, असं तिच्या मनात आलं होतं. पण माईंच्या जागी दुसरी कोण? प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी होती, ती उन्हाळ्यातच एका मोठ्या कंपनीच्या पाळणाघरात गेली. जाहिरात दिली तर ज्या आल्या त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्या आल्या नाहीत. दुसरी बाई नाही म्हणजे तान्ह्यांची खोली बंद. खोली बंद म्हणजे चिमणीची आई, जी इस्पितळात पाळीने काम करणारी नर्स होती, ती चिमणीला घेऊन कुठे जाणार? बटाट्याची आई बस चालवायची, तिला तर पहाटेच निघावं लागे. सुनेने स्वतःला असं बरंच काही सांगितलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती प्रश्न पुन्हा ओळीनेच विचारू लागली.

चिमणीचं झालं ते एका दुपारी.

पुढच्या खोलीत एक पोरगं खुर्चीवरून पडलं. ओठ फुटला, रक्त बघून बाकीची भोकाड पसरून बसली. मावशीच्या हाका ऐकून सून धावली. बर्फ लावला, त्याच्या आईला फोन केला, त्याला मांडीवर घेऊन गप्प केलं. परत आली तेव्हा माई आरामखुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या करत होत्या. बटाट्या आणि फुगा पाळण्यात झोपले होते. तिसरा पाळणा रिकामा होता.

"चिमणी कुठेय, माई?"

"झोपलीये."

"कुठे?"

माईंनी पाळण्याकडे बोट करायला हात उचलला. हात अर्ध्यात थांबला. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीकडे, मग पुन्हा पाळण्याकडे. त्यांचा चेहरा, कुणी आतून दिवा काढून न्यावा, तसा झाला.

सून आधी न्हाणीघरात गेली. बादलीत पाणी होतं, कडेपर्यंत. ती वाकली, नुसतं पाहून तिची खात्री होईना, तिने हात कोपरापर्यंत आत घातला. काही नव्हतं. पाळण्यांखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. मागच्या अंगणाचं दार उघडं होतं आणि पलीकडे पाण्याची टाकी होती. टाकीचं झाकण बंद होतं. तरी तिने ते उचललं. तेवढ्यात पुढून चिमणीच्या आईचा आवाज आला. आज लवकर सुटले हो, ती मावशीला सांगत होती, म्हटलं घेऊनच जाते. चपला काढल्याचा आवाज आला.

अंगणाच्या कडेला कपडे वाळवायची पडवी होती. दोरीवर एकही चादर नव्हती; माईंनी सगळ्या काढल्या होत्या. खाली वेताची मोठी टोपली होती आणि तीत वाळलेल्या चादरी शिगोशीग टाकलेल्या होत्या. सून तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिला दिसलं की चादरींचा ढीग एका बाजूने किंचित वर होतोय आणि खाली जातोय.

तिने चादरी दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकल्या. चिमणी तळाशी होती, एका कुशीवर, लालबुंद, केस घामाने डोक्याला चिकटलेले. एका चादरीचा कोपरा तिच्या तोंडाशी आला होता, पण नाक मोकळं होतं. सुनेने तिला उचललं तशी तिने डोळे उघडले, उन्हाला मिटले आणि जांभई दिली.

फाटकाशी चिमणीच्या आईने हात पुढे केले. लेकीच्या मानेला हात लावून ती म्हणाली, "केवढा घाम आलाय हिला."

"छान झोपली होती," सून म्हणाली. "आत्ताच उठली."

"इथे झोपते तशी घरी झोपतच नाही बघा." ती हसली, लेकीच्या डोक्याचा वास घेतला आणि गेली.

जीभ अडखळली नाही, हेच नंतर सुनेला जास्त लागलं. इतकं सरळ, इतकं गोड, जणू रोजचंच.

ती मागच्या खोलीत आली तेव्हा माई तशाच बसल्या होत्या. मांडीवर घडी घातलेला टॉवेल होता.

"कुठे होती गं?"

सुनेने फाटकाची कडी लावली. "पाळण्यातच होती. पडद्याआड गेली होती नुसती."

माईंनी तिच्या बाहीकडे पाहिलं. बाही कोपरापर्यंत भिजलेली होती, पाणी टपकत होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हो का," त्या म्हणाल्या. आणि टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घालू लागल्या.

नवरा लांबच्या प्रकल्पावर कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. सुनेने फोनवर विषय काढला, पण टोपलीचं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की माई हल्ली विसरतात, त्यांना आता विश्रांती दिली तर कसं. मग तो म्हणाला की आईचा जीव त्या पोरांत आहे; तिला तिथून उठवलं तर ती अंथरूण धरेल. तू लक्ष ठेव. तू आहेस म्हणून मला काळजी नाही. सुनेने बरं म्हटलं. नवऱ्याने भरवसा दाखवला की बायकांना बोलायला जागा उरत नाही, हे तिला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

मग तिने लक्ष ठेवायला सुरुवात केली. टोपली माळ्यावर टाकली. अंगणाच्या दाराला वर, हात पुरणार नाही अशी कडी ठोकली. बादलीत थेंब राहू देईना. माईंना बाळाबरोबर एकटं सोडायचं नाही, म्हणून ती पुढच्या खोलीत जाणंच टाळू लागली. मावशी कुरकुरायला लागली की ताईंना हल्ली मोठी मुलं दिसतच नाहीत. एक, दोन, तीन, असं ती दिवसभर मनात मोजायची. ताटावर बसली तरी मोजायची. कधी माई अंगाई म्हणत असल्या आणि मध्येच आवाज थांबला, की हातातलं टाकून धावायची. माई नुसत्या खिडकीतून बाहेर बघत असायच्या.

आणि रोज दुपारी बाळं झोपली की पिशवीतून बाहुली निघायची. सून प्रश्न विचारायची. माई उत्तरं द्यायच्या. टोपलीबद्दल दोघींपैकी कुणी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. माई पूर्वीसारखी थट्टा मात्र करेनाशा झाल्या. एका दुपारी थाप मारता मारता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का गं?"

सुनेला वाटलं, त्यांना पुढचं आठवत नाही म्हणून भलतंच काही बोलताहेत. तिने पुढचं उत्तर हळूच सांगून टाकलं.

परीक्षक बाई आल्या त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि खोलीत दिवे लावावे लागले होते. बाई उंच होत्या, सर्दीने नाक लाल झालेलं. दाराशी त्यांनी बूट काढले, न सांगता हात धुतले, तोंडावर रुमाल धरून बाळांपासून लांबच बसल्या. माणूस कामाचं होतं. त्यांनी कड्या पाहिल्या, औषधांचं कपाट पाहिलं, अंगणाच्या दाराची नवी कडी पाहून म्हणाल्या की ही फार चांगली सोय केलीत. सुनेने मान खाली घातली.

माईंनी धुतलेली साडी नेसली होती, केस चोपून बांधले होते. त्या बाहुलीसमोर बसल्या तेव्हा सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, चिमणीला कडेवर घेऊन. आपल्या छातीचे ठोके चिमणीला जाणवत असतील, असं तिला वाटलं.

बाईंनी पहिलाच प्रश्न उजळणीतला शेवटचा विचारला. मग मधलाच. मग एक असा, जो सुनेने कधी विचारलाच नव्हता: दोन बाळं एकदम रडताहेत, एकाला ताप आहे, दुसरा पाळण्याच्या कठड्यावर चढतोय, तर आधी कुठे जाल?

"कठड्याकडे," माई म्हणाल्या. "ताप काही पुढच्या क्षणी खाली पडत नाही."

बाईंना हसू आलं. सुनेने श्वास सोडला. त्या सकाळी माई लख्ख होत्या, कितीतरी दिवसांत नव्हत्या इतक्या. पाढे म्हटल्यासारखं काही नव्हतं. प्रश्न ऐकायच्या, क्षणभर थांबायच्या, मग बोलायच्या. भाजलं तर काय, आकडी आली तर काय, बाळ काळंनिळं पडलं तर काय. आणि मग बाहुली घेतली. ते हात पाहताना सुनेला वाटलं, हेच हात आपल्या हातांवर ठेवून माईंनी शिकवलं होतं, असं धर, घाबरू नकोस, मूल भीती ओळखतं. एकही हालचाल कमी नाही, एकही जास्त नाही.

"तुम्ही आमच्या वर्गात शिकवायला या, आजी," परीक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

माईंनी बाहुलीला उताणं ठेवलं. तिच्या पोटावर हात ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला नापास करा."

आवाज अगदी साधा होता, मीठ द्या म्हणावं तसा. परीक्षक बाईंनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय, कामाचा कंटाळा आलाय म्हणून सुनेला टोमणा मारतेय. त्यांनी हसून सुनेकडे पाहिलं. माईंनीही पाहिलं. माईंच्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. त्या फक्त वाट पाहत होत्या.

आणि सून हसली. आपलं हसणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. "माईंचं हे असंच असतं," ती म्हणाली.

बाईंनी सही केली. प्रमाणपत्र पुढे चालू झालं म्हणून सांगितलं, माईंना नमस्कार केला, एक मोठी शिंक आवरत पुढच्या खोलीकडे निघाल्या. मावशीच्या खोलीतल्या कड्या तेवढ्या बघते आणि निघते, म्हणाल्या. बाहेर रिमझिम सुरू झाली होती.

माई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. सुनेला वाटलं, चहा मागतील, किंवा चिडतील. त्यांनी फाटक उघडलं, बाहेर गेल्या, फाटक मागे ओढून कडी लावली आणि बाहेरच्या बाकावर बसल्या, जिथे आयाबाया चपला काढायला बसत.

"आत या ना, माई," सून म्हणाली.

माईंनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबले होते, थंडी वाजल्यावर लहान मुलं दाबतात तसे.

फुगा जागा झाला. त्याच्या आवाजाने बटाट्या उठला, आणि त्याने पालथं होऊन कठडा धरला. सुनेच्या कडेवर चिमणी होती, चिमणीलाही रडू फुटलं. सुनेने तिला खाली ठेवायला पाहिलं तर तिने मानेला मिठी घातली, सोडेना. बटाट्या कठड्याला धरून उभा राहिला. कालपर्यंत त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याचं अर्धं अंग कठड्यावर आलं. सुनेने एका हाताने त्याला झटकन उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं. फुगा पाळण्यात लाथा झाडत होता, ओरडून ओरडून त्याचा श्वास अडकत होता.

"माई, फुग्याला घ्या ना जरा."

माई बाकावरून हलल्या नाहीत. त्यांनी फाटकावरून आत पाहिलं. डोळे स्वच्छ होते, कोरडे होते. कागदावर त्या अजून कितीतरी वर्षं तान्ह्यांच्या खोलीतल्या बाई होत्या. सही अजून वाळली नसेल.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "घेऊ?"

फुगा रडत होता. पुढच्या खोलीतून परीक्षक बाईंचा आवाज येत होता, त्या मावशीचा निरोप घेत होत्या. सुनेने तोंड उघडलं. हो म्हणायला किती सोपं होतं. हो म्हणायची तर तिला सवयच झाली होती. माई उठल्या असत्या, हात धुतले असते, आत येऊन फुग्याला घेतलं असतं, मानेखाली बरोबर हात देऊन. आज काहीही झालं नसतं. उद्याही कदाचित झालं नसतं.

"नको," ती म्हणाली.

शब्द इतका हळू आला की तिला वाटलं, रडण्याच्या गोंगाटात तो माईंपर्यंत पोचलाच नाही.

"नको, माई. बसा तुम्ही."

माईंनी मान हलवली. त्यांचे खांदे खाली आले. मांड्यांखालचे हात त्यांनी काढून घेतले आणि मांडीवर ठेवले, वर तळवे करून, रिकामे.

सुनेने पायानेच चटई सरकवली, बटाट्याला आणि चिमणीला तिच्यावर ठेवलं, फुग्याला उचलून खांद्यावर घेतलं. तो हुंदके देत देत तिच्या मानेत तोंड खुपसू लागला. पुढच्या दाराशी परीक्षक बाई वाकून बूट घालत होत्या.

"बाई," सुनेने फाटकातून हाक मारली. "जरा थांबाल? मला तुम्हाला काही सांगायचंय."